कर्ज फेडायला निघालेले भटजी आणि सातपुड्याचं ऊन

मे महिन्यात लांबचा ट्रेक करू नये, हे कुठलाही अनुभवी ट्रेकर सांगतो. पाणवठे आटलेले असतात, कातळ तापलेला असतो आणि सॅकमधलं पाणी दुपारपर्यंत चहासारखं गरम होतं. आपल्या भागात हे वेगळं सांगायची गरज नाही. चैत्रात सोनारीच्या भैरवनाथाला जाताना ज्यांनी शेवटचे पाच-सहा किलोमीटर जरी भर दुपारी पायी काढलेत, त्यांना ऊन काय असतं ते ठाऊक आहे. देवळाच्या आवारातली माकडंसुद्धा त्या वेळी सावली सोडत नाहीत.

अशा उन्हात सलग दोन उन्हाळे डोंगर, जंगल आणि युद्ध तुडवत चाललेल्या एका मराठी माणसाची ही गोष्ट. नाव विष्णुभट गोडसे. जन्म १८२७ चा, गाव वरसई, तालुका पेण, आजचा रायगड जिल्हा. धंदा भिक्षुकी. हौस, साहस, विक्रम असलं काही डोक्यात नव्हतं. घरावर कर्ज होतं आणि ते फेडायला पैसे हवे होते, एवढंच कारण.

त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाचं नाव बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना तर ते पाठच असतं: मराठीतलं महत्त्वाचं प्रवासवर्णन, १८५७ च्या उठावाचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तान्त, वगैरे. एक मार्काचा प्रश्न. पण त्या एका मार्कामागे एक तिशीतला माणूस आहे, तो किती चालला, कशातून चालला आणि घरी काय घेऊन आला, हे प्रश्नपत्रिकेत येत नाही.

वरसई बाळगंगा नदीच्या खोऱ्यात आहे. गोडसे घराण्याने पेशवाईत बरे दिवस पाहिले होते. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि तिच्यावर जगणाऱ्या अनेक घरांसारखंच याही घराचं उत्पन्न आटलं. विष्णुभट वेदविद्या आणि याज्ञिकी शिकलेले होते, म्हणजे यज्ञ, अनुष्ठानं, श्राद्ध यांचे विधी त्यांना येत. पण गावातल्या आणि आसपासच्या यजमानांच्या दक्षिणेवर मोठं कुटुंब भागेना. घरातली लग्नकार्यं झाली आणि कर्ज वाढलं. आजही आपल्याकडे कर्जाची सुरुवात बऱ्याचदा लग्नापासूनच होते, त्यामुळे हा भाग समजायला अवघड नाही.

अशात एक बातमी कोकणापर्यंत आली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी, मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत. लाखो रुपये खर्च होणार, विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार. आजच्या भाषेत सांगायचं तर लांबच्या शहरात मोठी भरती निघाली होती आणि विष्णुभटांकडे त्याला लागणारं शिक्षण होतं.

घरून परवानगी मिळणं सोपं नव्हतं. उत्तरेबद्दल कोकणातल्या माणसाच्या मनात भीती भरलेली. तिकडे लोक भांग पितात, तिकडच्या बायका परदेशी पुरुषाला भुलवतात, गेलेला मुलगा परत येत नाही, असल्या समजुती. तिशीतल्या, लग्न झालेल्या माणसालाही आईवडिलांची समजूत काढावी लागली. शेवटी काका रामभट बरोबर जायला तयार झाले, तेव्हा होकार मिळाला. काका सोबत असले म्हणजे पोरगा वाया जाणार नाही, हा हिशोब. पुढे झालं भलतंच. काका-पुतण्यांना भांगेपासून धोका नव्हताच. धोका होता तो तोफांपासून.

१८५७ चा उन्हाळा तोंडावर असताना दोघे निघाले.

सॅक नव्हती, नकाशा नव्हता

वरसईहून ग्वाल्हेर आजच्या रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर आहे. रेल्वे देशात नुकतीच आली होती. मुंबई-ठाणे १८५३ मध्ये सुरू झाली, १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोचली. पण बोरघाट चढून पुण्याला जोडायला तिला १८६३ उजाडलं. मुंबईहून जबलपूर, अलाहाबादमार्गे उत्तरेत जाणारी सलग लाइन १८७० ची. म्हणजे विष्णुभटांना हे कर्ज तेरा वर्षं उशिरा झालं असतं, तर ते आगगाडीत बसून गेले असते आणि आपल्याला हे पुस्तक मिळालं नसतं.

कोकणातून पुण्याला यायचं म्हणजे आधी सह्याद्रीचा घाट चढायचा. पुण्याहून नगर. नगरहून खानदेशात उतरायचं. त्यापुढे सातपुडा. सातपुडा ओलांडला की नर्मदेचं खोरं, आणि नर्मदा ओलांडली की विंध्याचा चढ, तो चढून माळव्याचं पठार. महू तिथे, पठाराच्या दक्षिण काठावर. नकाशा उघडून नीट पाहा. हे तीन वेगवेगळे डोंगर आहेत आणि मधे नर्मदेची खोल, तापलेली दरी. नर्मदेकाठून महूपर्यंत चारशेएक मीटरचा चढ आहे. सिंहगडापेक्षा कमी, हे मान्य. पण सिंहगड चढून आपण खाली येतो आणि गाडीत बसतो. इथे वर पोचल्यावर अजून पाचशे-सहाशे किलोमीटर बाकी असतात.

त्या काळच्या वाटसरूचं सामान थोडं असायचं. अंगावरचं आणि बदलायचं धोतर, पांघरूण, पूजेचं साहित्य, थोडं पीठ-तांदूळ, आणि लोटा-दोरी. ही लोटा-दोरी म्हणजे त्या काळची पाण्याची बाटली. विहीर दिसली की दोरीला लोटा बांधून सोडायचा आणि पाणी शेंदायचं. दोरी तोकडी पडली तर विहिरीत पाणी दिसत असून तहानलेलं राहायचं. उन्हाळ्यात पाणी खोल जातं, त्यामुळे दोरी जितकी लांब तितकं बरं, पण लांब दोरीचं ओझंही वाहावं लागतं. आपण ट्रेकला जाताना दोन लिटर घ्यायचं की तीन, यावर ग्रुपवर भांडतो, तेच हे गणित.

त्यात विष्णुभट पडले सोवळ्याओवळ्याचे. कुणाच्याही हातचं खायचं नाही. म्हणजे दिवसभर चालून मुक्कामाला पोचल्यावर आंघोळ, संध्या, आणि मग आपलं आपण चूल पेटवून रांधायचं. आज वाचताना हा जातीचा नियम खटकतो आणि खटकायलाच हवा. पण नियम पाळणाऱ्यालाही त्याचा त्रास होताच, हे या प्रवासात पदोपदी जाणवतं. थकलेल्या माणसाला तयार भाकरी समोर असून खाता येत नाही.

उन्हात चालायची जुनी पद्धत मात्र शहाणपणाची होती. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत जमेल तेवढे कोस काढायचे, दुपारी झाडाखाली नाहीतर धर्मशाळेत थांबायचं, ऊन कलल्यावर पुन्हा निघायचं. एक कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर. आपले वारकरी, यात्रेकरू अजून असंच चालतात. उन्हाच्या लाटेत अकरा ते चार बाहेर पडू नका म्हणून सरकार आता मेसेज पाठवतं. सल्ला जुनाच आहे.

याच रस्त्याची अजून एक आठवण सांगायला हवी, ती आपल्या वयाच्या सगळ्यांना आठवते. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून हजारो मजूर मुंबई-आग्रा रस्त्याने चालत उत्तरेकडे निघाले होते. धुळ्याच्या पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवर, सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात त्यांची गर्दी झाली होती. डोंगर तोच सातपुडा, महिनाही तोच. फरक एवढाच की विष्णुभट कमवायला घरून निघाले होते आणि हे लोक कमाई बुडाल्यावर घरी निघाले होते.

सातपुड्याच्या वाटेवरच विष्णुभटांना पहिला धक्का बसला. मुक्कामावर काही शिपाई भेटले. ते कंपनी सरकारच्या पलटणीतले होते. नव्या काडतुसांना गाई-डुकराची चरबी लावलेली आहे, ती दातांनी तोडायला लावून आमचा धर्म बुडवायचा घाट आहे, आणि लवकरच सगळीकडे पलटणी उठणार आहेत, असं त्यांनी सांगितलं. महूला जाऊ नका असं नाही, पण पुढे काय होईल सांगता येत नाही, अशी ती बातमी. डोंगराच्या मधोमध, घरापासून शेकडो किलोमीटरवर ही गोष्ट कानावर पडल्यावर कुणालाही परत फिरावंसं वाटेल. पण परत फिरून काय करायचं? घरी कर्ज तसंच होतं. ते पुढे गेले.

१ जुलै १८५७ ला महूची पलटण उठली. काका-पुतणे त्या सगळ्या गोंधळातून माळव्यात शिरले. पुढचे काही महिने उज्जैन, धार असे गेले. जिथे दानधर्म होत होता तिथे जायचं, दक्षिणा घ्यायची, पुढे सरकायचं. शेवटी ग्वाल्हेरला पोचले, बायजाबाईंच्या दरबारापर्यंतही गेले. पण ज्या यज्ञासाठी एवढी पायपीट केली, तो यज्ञ या धामधुमीत व्हायची लक्षणं नव्हती. मथुरा-दिल्लीकडे तर युद्धच पेटलं होतं. भरती रद्द झाल्यावर परीक्षा केंद्राबाहेर उभ्या असलेल्या पोरांचं होतं तेच झालं.

ग्वाल्हेरहून झाशी शंभरेक किलोमीटर. तिथे मराठी राज्य होतं, मराठी कुटुंबं होती. ओळखीपाळखीतून केशवभट मांडवगणे यांच्या घरी त्यांची सोय झाली. राणी लक्ष्मीबाईंच्या दरबारातही त्यांचा शिरकाव झाला, दक्षिणा मिळाली. राणीची दिनचर्या, तिचं घोड्यावर बसणं, दानधर्म, महालक्ष्मीचं देऊळ, शहरातली श्रीमंती हे सगळं विष्णुभटांनी इतक्या बारकाईने टिपलं आहे की झाशीबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याकडे यावं लागतं. त्यांना तिथे बरे दिवस आले होते. चार पैसे गाठीला लागले होते. इथून सरळ घरी निघाले असते तर कदाचित कर्ज फिटलं असतं.

निघाले नाहीत. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझने झाशीला वेढा घातला आणि काका-पुतणे आत अडकले.

वेढ्याबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण तो भाग सिनेमांत आणि मालिकांत भरपूर आलाय. १ एप्रिलला तात्या टोपेंची मदतीला आलेली फौज बेतवेच्या काठी हरली, ३ तारखेला इंग्रज शहरात घुसले, ४ च्या रात्री राणी किल्ल्यातून निसटल्या. त्यानंतर शहराचं जे झालं ते विष्णुभटांनी पाहिलं. बिजन, म्हणजे सरसकट कत्तल. मग लूट, तीही शिस्तीत: आधी सोनं-नाणं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याचं दुःख विष्णुभटांनी वेगळं नोंदवलंय. माणसं मरत असताना पोथ्यांसाठी हळहळणं विचित्र वाटेल, पण पोथ्या हेच ज्याचं भांडवल, त्याला ते कळणार. काका-पुतणे घरात दडून राहिले म्हणून जीव वाचला. पैसे मात्र गेले. सव्वा वर्षाची पायपीट, तीन डोंगर, दोन राज्यांची दक्षिणा, सगळं एका लुटीत संपलं.

उन्हाने मारलेली फौज

झाशीतून बाहेर पडून ते काल्पीच्या दिशेने निघाले. हा दुसरा उन्हाळा, आणि मला विचाराल तर या प्रवासातला सर्वांत कठीण टप्पा. झाशी ते काल्पी साधारण दीडशे किलोमीटर. बुंदेलखंडातली जमीन खडकाळ, टेकड्या बोडक्या, सावली कमी. तिथला मे महिना आपल्या मराठवाड्यापेक्षाही कडक असतो.

किती कडक, हे दुसऱ्या बाजूच्या इतिहासातून कळतं. ७ मे १८५८ ला झाशी आणि काल्पीच्या मधे कूंचला लढाई झाली. इंग्रज जिंकले, पण खुद्द ह्यू रोझला त्या दिवशी उन्हाचा झटका बसला. त्याचे कितीतरी गोरे शिपाई गोळीने नाही तर उष्माघाताने पडले. लोकरी कपड्यांत, थंड देशातून आलेली माणसं. त्यांच्याबरोबर डॉक्टर होते, उंट होते, पाणक्ये होते. आपल्या दोन भिक्षुकांबरोबर यातलं काहीही नव्हतं. होती ती पहाटे चालायची सवय आणि लोटा-दोरी.

शरीराचं एक साधं गणित आहे. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. पाणी कमी पडलं की घाम थांबतो आणि अंगातली उष्णता आतच राहते. डोकं दुखतं, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. हे व्हायच्या आत सावली आणि पाणी मिळालं तर माणूस वाचतो. त्या वाटेवर पळणारे बंडवाले, मागावरचे इंग्रज आणि मधे सापडलेले गावकरी, सगळ्यांचं जगणं त्यामुळे शेवटी विहिरींवर येऊन ठेपलं होतं. जिथे विहीर तिथे माणसं.

अशाच एका विहिरीवर, काल्पीच्या वाटेवर, विष्णुभटांना राणी लक्ष्मीबाई पुन्हा दिसल्या.

हा प्रसंग बऱ्याच जणांना माहीत असतो, तरी सांगतो. लढाईत हार झाली होती. राणी घोड्यावर होत्या, अंगावर पुरुषी पठाणी पोशाख, सगळं धुळीने माखलेलं, चेहरा उतरलेला, घशाला कोरड. विष्णुभटांनी ओळखलं. ते पुढे झाले आणि मडकं-दोरी घेऊन पाणी शेंदायला लागले. राणींनी त्यांना थांबवलं. एका विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावं हे त्यांना पटेना. त्यांनी दोरी स्वतः हातात घेतली, स्वतः पाणी शेंदलं, आणि ओंजळीने प्यायल्या. मग आपल्या नशिबाबद्दल चार शब्द बोलून घोड्यावर बसून निघून गेल्या. पुढच्या महिन्यात, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळच्या लढाईत त्या गेल्या.

या प्रसंगाची चित्रं निघाली, धडे निघाले. बहुतेक ठिकाणी राणीचा मोठेपणा म्हणून तो सांगतात, आणि तो आहेच. पण मला त्यात दुसरंही दिसतं. काही दिवसांपूर्वी याच बाईच्या दरबारात हा माणूस दक्षिणेसाठी उभा होता. आता दोघांकडेही काही नाही. एकीचं राज्य गेलंय, दुसऱ्याची पुंजी गेलीय, आणि दोघांना एकाच विहिरीचं पाणी हवंय.

घरचा रस्ता

यानंतरही ते लगेच घरी आले नाहीत, आणि इथे वाचणारा जरा वैतागतो. अरे, आता तरी परत फिर! पण रिकाम्या हाताने परत जाणं जमत नव्हतं. शिवाय दक्षिणेकडचे रस्ते सैन्यांनी भरलेले. नानासाहेब पेशव्यांचा शोध चालू होता, त्यामुळे मराठी बोलणारा ब्राह्मण दिसला की इंग्रजांना तो बंडवाल्यांचा माणूस वाटायचा. काका-पुतण्यांवरही संशय घेतला गेला. एकीकडून शिपाई, दुसरीकडून लुटारू, आणि दोन्हीकडच्यांना पटवून द्यायचं की आम्ही फक्त भिक्षुक आहोत.

मग त्यांनी तीर्थयात्रा केली. चित्रकूट, अयोध्या, गंगाकाठ. पैसे मिळवायला निघालेला माणूस यात्रेकरू झाला. कमाई होणार नसेल तर निदान पुण्य तरी, असा विचार असेल. घरी आईवडील म्हातारे होत होते. त्या काळी कोकणातल्या माणसाला गंगास्नान म्हणजे आयुष्यात एकदा घडलं तर घडलं अशी गोष्ट. आईवडिलांना गंगेवर नेणं शक्य नव्हतं. तेव्हा गंगाच त्यांच्याकडे न्यायची असं विष्णुभटांनी ठरवलं. त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली आणि वरसईची वाट धरली.

कावड आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. बांबूच्या दोन टोकांना पाण्याची भांडी, मधे खांदा. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढताना ज्यांनी पाहिल्यात, त्यांना वजन, तोल आणि उतारावर पाय कसा टाकावा लागतो ते माहीत आहे. तो घाट काही तासांचा असतो आणि खाली-वर हात द्यायला शेकडो लोक असतात. गंगाकाठ ते वरसई, कुठल्याही घाटावरून मोजा, हजार-बाराशे किलोमीटरच्या खाली येत नाही. पुन्हा विंध्य, पुन्हा नर्मदा, पुन्हा सातपुडा, पुन्हा सह्याद्री.

ट्रेकची सॅक आणि कावड यांत एक मोठा फरक आहे. सॅकमधलं खात-पीत गेलं की ती हलकी होते. तिसऱ्या दिवशी सॅक निम्मी झालेली असते. कावड हलकी होत नाही, व्हायला नकोच असते. खांद्यावर पाणी आहे आणि तहान लागली तरी त्याला हात लावायचा नाही, प्यायला दुसरी विहीर शोधायची. लोटा-दोरी वेगळी, कावड वेगळी. एक वाटेसाठी, एक घरच्यांसाठी. थकून एखाद्या दिवशी ती ओतून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. पुढच्या नदीचं पाणी भरून घरी गंगा म्हणून दिलं असतं तरी कोण तपासणार होतं? हा विचार माझ्या मनात आला. विष्णुभटांच्या आला होता की नाही, माहीत नाही. पाणी त्यांनी गंगेचंच आणलं.

निघाल्यापासून जवळपास अडीच-तीन वर्षांनी ते वरसईला पोचले. काका-पुतणे दोघे जिवंत परत येतील अशी आशा घरच्यांनी किती धरली असेल, याचा अंदाज करा. पत्र नाही, निरोप नाही, आणि उत्तरेकडून येणाऱ्या बातम्या सगळ्या कत्तलीच्या. ज्या पैशांसाठी गेले होते ते आणले नाहीत. आणलेल्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं.

पुढे ते पुन्हा भिक्षुकीला लागले. प्रवासाच्या गोष्टी ते लोकांना सांगत असणारच, कारण त्यातूनच पुस्तकाचा विषय निघाला. कल्याणच्या वैद्य घराण्याचे ते उपाध्याय. त्या घरातले चिंतामण विनायक वैद्य पुढे महाभारताचे अभ्यासक आणि इतिहासकार म्हणून मोठे झाले. ही हकिकत लिहून काढा म्हणून त्यांनी विष्णुभटांच्या मागे लकडा लावला. विष्णुभटांनी ती लिहिली साधारण १८८३ च्या सुमारास, म्हणजे प्रवासानंतर पंचवीसेक वर्षांनी, आठवणीवर. त्यामुळे काही तारखा आणि ऐकीव गोष्टी इतिहासाशी जुळत नाहीत. लढाया वाचताना ते लक्षात ठेवायला हवं. पण विहीर, वाट, भूक, भीती या गोष्टी ज्याच्या अंगावरून गेल्या, त्याला त्या पंचवीस वर्षांनीही चुकत नाहीत, असं मला तरी वाटतं.

लिहिलं, पण छापायचं धाडस नव्हतं. बंडाच्या दिवसांत बंडवाल्यांच्या शहरात होतो, राणीला भेटलो, हे इंग्रजी राज्यात जाहीर सांगणं म्हणजे संकट ओढवून घेणं. म्हणून पुस्तक विष्णुभटांच्या हयातीत आलंच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये, वैद्यांनी ते प्रसिद्ध केलं, तेही भाषा घासूनपुसून आणि सरकारला खटकेल ते सांभाळून. वैद्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या वेळी तसं केलं नसतं तर कदाचित काहीच छापलं गेलं नसतं. पण त्यामुळे सहा दशकं लोकांनी जे वाचलं ते पूर्ण विष्णुभटांचं नव्हतं. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होतं. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता छापली. हिंदीत अमृतलाल नागर यांनी या पुस्तकाचा अनुवाद केलाय आणि अलीकडे ते इंग्रजीतही आलंय.

सुट्टीत वाचायचं असेल तर वाचनालयात ‘माझा प्रवास’ मागताना संपादकाचं नाव बघून घ्या. वैद्यांची प्रत वाचायला सोपी आहे. पोतदारांची थोडी अडखळत वाचावी लागते, जुने शब्द येतात, वाक्यं लांबतात, पण तीत विष्णुभट स्वतः बोलतात. शक्य असेल तर शेजारी नकाशा उघडून ठेवा. पुणे, नगर, सातपुडा, महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, अयोध्या. आणि मग परतीची रेघ.